फोरमनचं नाक

निवृत्त झाल्यावर माईंनी जहाजाने हिमनद्या बघायला जायचं ठरवलं, तेव्हा फोरमनचं पहिलं वाक्य होतं, "म्हणजे पुन्हा ड्युटीवरच की!"

त्यांचंही चुकत नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी बर्फाच्या कारखान्यात काढली होती. फोरमन हे काही त्यांचं नाव नव्हे, पण दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारत. पहाटे साच्यांत पाणी भरायचं, दुसऱ्या दिवशी दीडशे किलोची लादी बाहेर काढायची, आणि रिकाम्या साच्यात पुन्हा पाणी भरायचं. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बर्फाने कायमची बधिर झाली होती. गरम कपबशी ते त्याच दोन बोटांनी धरत आणि पाहुण्यांना चकित करत. अशा माणसाला बर्फ दाखवायला समुद्रापार नेणं म्हणजे हलवायाला सुट्टीत मिठाईच्या दुकानात बसवण्यासारखं होतं.

"तुम्ही नुसते चला," माई म्हणाल्या. "बघायचं काम मी करीन. तुम्ही बॅग उचला."

माईंचं कारण निराळं होतं. एकतीस वर्षं त्या सरकारी इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसल्या होत्या. काचेला अर्धगोल भोक, पलीकडे रांग. नाव काय, वय काय, काय होतंय, कधीपासून होतंय. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी समोरच्या खांबावर औषध कंपनीचं एक कॅलेंडर लागलं. त्याच्या एका पानावर काळा कडा होता आणि कड्यावर एक पांढराशुभ्र पक्षी. काळी चोच, काळा डोळा, बाकी धुतल्यासारखा पांढरा. महिना संपला तसं माईंनी ते पान काढून आपल्या ड्रॉवरच्या तळाशी चिकटवलं. दिवसभर खोकणाऱ्या, कण्हणाऱ्या, रांगेवरून भांडणाऱ्या माणसांमध्ये शिक्का घ्यायला ड्रॉवर उघडला की तेवढा एक थंडगार कडा दिसायचा. त्या पक्ष्यापासून सुरुवात होऊन माई सगळ्याच समुद्री प्राण्यांच्या नादी लागल्या. पुस्तकं आणली, दुर्बीण आणली, एक जाड वही घेतली आणि बघायच्या प्राण्यांची यादी तिच्या पहिल्याच पानावर लिहिली. मुलगी आणि जावई दोघांनी समजावून पाहिलं की थंडी फार असते. माई म्हणाल्या, "थंडीचं तुझ्या बाबांना विचारू, ते तज्ज्ञ आहेत."

अशा रीतीने दोघं जहाजावर चढली.

जहाज अगदी आटोपशीर होतं. प्रवासी बेचाळीस, कर्मचारी वीस. वळण घेतलं की स्वयंपाकघरातली भांडी वाजत आणि ती सगळ्यांना ऐकू येत. केबिनमध्ये काटकोनात दोन बिछाने, एक गोल खिडकी, भिंतीला मिटवता येणारं टेबल, आणि दाराशी खुंटीवर उलटे टांगलेले रबरी बूट. प्रवाशांना प्राणी आणि बर्फ दाखवायला एक तिशीतली गाईड होती. तिने हिमनद्यांचा अभ्यास केला होता आणि ती माणसं गोळा करायला गळ्यातली शिट्टी वाजवायची. माईंनी पहिल्याच दिवशी तिचं नाव शिट्टीबाई ठेवलं. ते जहाजभर झालं, आणि तिलाही आवडलं.

दुसऱ्या दिवशी जहाज उघड्या समुद्रात आलं आणि माई आडव्या झाल्या. वर्षभर ज्याची तयारी केली ती सफर सुरू झाली आणि यांना मान उचलवेना. बोट लागली होती, उशाशी बादली होती. जहाजाचा डॉक्टर आला तेव्हा डोळे मिटूनच त्यांनी सांगितलं, "स्त्री, वय एकसष्ट, सकाळी सहापासून चार उलट्या, ताप नाही, आधीचा काही आजार नाही." डॉक्टर म्हणाला, असे पेशंट मिळाले तर माझं अर्धं काम वाचेल.

तेवढ्यात भिंतीवरच्या स्पीकरमधून शिट्टीबाईचा आवाज आला. जहाजाच्या डाव्या बाजूला देवमासे दिसत होते.

माई उठायला गेल्या आणि पुन्हा उशीवर पडल्या.

"जा तुम्ही," त्या म्हणाल्या.

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"डोळे आहेत ना? जा!"

फोरमन गेले. दहा मिनिटांनी नाक लाल करून परत आले, टोपी काढून खुंटीला लावली आणि बिछान्यावर बसले.

"होता," ते म्हणाले.

"काय होता?"

"देवमासा."

"कसा होता?"

फोरमननी विचार केला. "मोठा."

माईंनी एक डोळा उघडला. "अहो, एकतीस वर्षांत माझ्या खिडकीवर नुसतं 'दुखतंय' म्हणून कुणाला केसपेपर मिळालेला नाही. कुठे, किती, कधीपासून, सगळं सांगावं लागायचं. पाठीवर पंख होता का? फवारा सरळ होता की पुढे झुकलेला? शेपूट वर आली का? शेपटीची आतली बाजू कुठल्या रंगाची?"

"एवढं कोण बघतं?"

"मी बघितलं असतं," माई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

फोरमननी उशाखालची जाड वही काढली, पेन खिशाला लावलं, माईंची दुर्बीण गळ्यात अडकवली आणि पुन्हा टोपी घातली. या वेळी ते तासाभराने आले. आले ते बूट न काढताच वाचू लागले. चाळीस वर्षं कारखान्याचं लॉगबुक लिहिलेला माणूस, त्यांना लिहिण्याची दुसरी पद्धत ठाऊकच नव्हती.

"सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. डावी बाजू. नग दोन. एक मोठा, एक लहान, बहुधा आई व पिल्लू. फवारा सरळ वर, उंची अंदाजे दोन माणसं. पाठीवर छोटा पंख, बुटका. शेपूट वर आली, आतून पांढरी, उजव्या कडेला खाच. पाण्याखाली चार मिनिटं दहा सेकंद. पुन्हा वर. चालू स्थिती उत्तम."

"चालू स्थिती उत्तम!" माईंना हसू आवरेना. पोट दुखत होतं, त्यात हसणं; एका हाताने बादली धरून त्या हसत राहिल्या. "अहो, ती काय मोटर आहे?"

"श्वास व्यवस्थित, वेग एकसारखा. आणखी काय लिहायचं?" फोरमन गंभीरपणे म्हणाले.

मग तो नेमच पडला. माई बिछान्यावरून प्रश्न विचारत, फोरमन वर जाऊन उत्तरं आणत. पहिल्यांदा ते फक्त स्पीकरवर हाक आली की जात. तिसऱ्या दिवशी हाक येण्याआधीच जाऊन उभे राहू लागले. त्यांच्या लक्षात आलं की समुद्राकडे टक लावून काही दिसत नाही. नजर सैल सोडायची, आणि कुठे काही बदललं की मान वळवायची. कारखान्यात कॉम्प्रेसरच्या बाबतीत त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. शंभर आवाजांत एक आवाज बदलला की त्यांची मान आपोआप वळायची, मग समोर डबा उघडलेला असो की साहेब बोलत असोत. आता लाटांमध्ये एखादी लाट चुकीच्या दिशेला हलली की ती देवमाशाची पाठ असायची. संध्याकाळपर्यंत त्यांच्या वहीत अकरा देवमासे, सहा सील आणि "काळे-पांढरे पक्षी, जलद, मोजणं अशक्य" जमा झाले होते.

शिट्टीबाई त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली आणि वहीत डोकावली.

"काका, या वेळा तुम्ही घड्याळ लावून घेतल्यात?"

"मग काय अंदाजे घ्यायच्या?"

"मला या नोंदी द्याल का? आम्ही रोज पाठवतो संशोधन केंद्राला. इतक्या नीट कुणी लिहीत नाही."

"खाली मालकीण आहेत वहीच्या," फोरमन म्हणाले. "त्यांना विचारतो."

मालकिणीने परवानगी दिली. त्या दिवशी मालकिणीच्या पोटात दोन बिस्किटं टिकली.

चौथ्या दिवशी जहाज डोंगरांच्या आत शिरलं. पाणी इतकं शांत झालं की टेबलावर पेन ठेवलं तरी घरंगळेना. माई उठल्या, आंघोळ केली, केस विंचरले, आणि न्याहारीला सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या. दोन दिवसांची भूक होती. फोरमन कौतुकाने बघत राहिले आणि आपल्या ताटातलं अंडं त्यांच्या ताटात सरकवलं.

दहा वाजता शिट्टी वाजली. फुगीर जॅकेटं, त्यावर लाइफ जॅकेटं, पायात जंतू मारायच्या औषधाच्या पाण्यात बुचकळलेले बूट, अशा अवतारात दहा-दहा माणसं रबरी बोटींत उतरली. माई बोटीच्या काठावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी गॅसच्या सिलिंडरसारखी दिसतेय ना?"

"सील लावलेला आहे, चिंता नाही," फोरमन म्हणाले.

बोट एका वळणावरून पुढे गेली आणि समोर हिमनदी आली.

फोरमनना पांढरं काहीतरी दिसेल असं वाटलं होतं. त्यांच्या डोक्यात बर्फाचा रंग पांढरा होता, थोडा राखाडी, वर भुशाचे कण. समोर निळी भिंत होती. दहा मजली इमारती शेजारी शेजारी दाटीने उभ्या कराव्यात तशी. वरच्या कडांना फिकट, खाली भेगांमध्ये इतकी गडद निळी की आत कुणी दिवा लावलाय असं वाटावं. दोन डोंगरांच्या मधून ती उतरत आली होती आणि समुद्राशी येऊन थांबली होती. बोटीवाल्याने दूरच इंजिन बंद केलं.

आणि मग फोरमनना आवाज ऐकू आला. बोटीभोवती बर्फाचे छोटे तुकडे तरंगत होते आणि ते सगळे तडतडत होते, सोड्याची बाटली उघडल्यावर फसफसते तसे.

"हवा आहे आत अडकलेली," शिट्टीबाई म्हणाली. "बर्फ वितळला की सुटते. फार जुनी हवा आहे ती."

फोरमननी हातमोजा काढला, वाकून एक तुकडा पाण्यातून उचलला, बधिर बोटांच्या हातात घेतला आणि आभाळाकडे धरला. तो काचेसारखा होता. त्यांनी तो फिरवून पाहिला, पुन्हा फिरवून पाहिला. पलीकडचा डोंगर त्यातून उलटा दिसत होता.

"काय झालं?" माईंनी विचारलं. फोरमनचा असा चेहरा त्यांनी मुलगी झाली तेव्हा पाहिला होता.

"याच्यात मधे पांढरं नाही," फोरमन म्हणाले.

"मग?"

"अगं, कसं सांगू! साच्यात पाणी बाहेरून आत गोठत जातं. हवा, कचरा, क्षार, सगळं ढकलत ढकलत मधे नेतं. शेवटी लादीच्या पोटात एक पांढरा पट्टा राहतो. आम्ही साच्यात नळी सोडून पाणी हलतं ठेवायचो, शेवटी मधलं पाणी उपसून ताजं घालायचो. तरी बोटभर पांढरं राहायचंच. हॉटेलवाले काचेसारखा बर्फ मागायचे. चाळीस वर्षं मला एक अख्खी लादी तशी काढता आली नाही." त्यांनी तुकडा माईंच्या हातात दिला. "आणि हे बघ. असंच पडलंय पाण्यात."

"काका, हा तुकडा हिमनदीच्या तळाचा असणार," शिट्टीबाई म्हणाली. "वर बर्फ पडत राहतो, खालचा दाबला जातो. वजनाने हवा पिळून निघते. जी राहते ती अगदी बारीक होऊन राहते. याला काही शे वर्षं लागली असतील."

"काही शे वर्षं," फोरमन म्हणाले. "आमच्या साहेबांना चोवीस तासांत लादी हवी असायची."

तेवढ्यात तोफ उडावी तसा आवाज झाला. भिंतीचा एक कोपरा, चार खोल्यांच्या घराएवढा, हळूच पुढे झुकला, क्षणभर थांबल्यासारखा वाटला आणि पाण्यात कोसळला. आवाज आधी येऊन गेला होता, पाणी नंतर उसळलं. माईंनी फोरमनचं जॅकेट मुठीत धरलं. बोटीवाल्याने बोटीचं तोंड लाटेकडे केलं. लाट आली, सगळ्यांना वर उचललं, अलगद खाली ठेवलं आणि मागे निघून गेली. जवळच एका सपाट हिमनगावर एक सील पहुडली होती. तिने मान उचलून भिंतीकडे पाहिलं, बोटीकडे पाहिलं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर टेबलावर डोकं टेकणाऱ्या कारकुनासारखी पुन्हा झोपली.

"हिचं रोजचंच आहे," माई म्हणाल्या, आणि मूठ सोडायला मात्र विसरल्या.

त्या संध्याकाळी जेवणाआधी सगळे बैठकीच्या खोलीत जमले. शिट्टीबाईने आग्रह करून फोरमनना उभं केलं आणि लादीची गोष्ट सांगायला लावली. फोरमन कामगारांच्या सभेशिवाय कधी चार माणसांपुढे बोलले नव्हते. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास साचा म्हणून घेतला, चमचा नळी म्हणून घेतला, आणि पंधरा मिनिटं बोलले. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा ते ग्लासातलं पाणी पिऊन टाकून घाईघाईने खाली बसले.

मग माईंनी हात वर केला. "तो पांढरा पक्षी कुठे दिसेल? कड्यावर राहतो तो. काळी चोच."

शिट्टीबाईचा चेहरा जरा उतरला. "माई, तुमच्या यादीत तो आहे हे मी पाहिलंय. उद्या आपण ज्या बेटाजवळून जातो तिथे त्यांची मोठी वसाहत होती. वर्षानुवर्षं होती. पण दोन वर्षांपूर्वी ते आलेच नाहीत. मागच्या वर्षी मी स्वतः जाऊन पाहिलं, कडा रिकामा होता. म्हणून आता आम्ही तिथे थांबत नाही."

"असू दे," माई म्हणाल्या. "एवढं सगळं बघितलं. असू दे." आणि सूप पिऊ लागल्या. पण त्यांनी मांडीवरचा रुमाल चौपदरी केला, मग आठपदरी, मग आणखी घडी पडेना तरी घालत राहिल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात फोरमनना त्या घड्या चांगल्या वाचता येत होत्या.

पाचव्या दिवशी सकाळी धुकं होतं. जहाजाच्या टोकाचा झेंडासुद्धा दिसत नव्हता. कप्तानाने वेग अगदी कमी केला होता आणि ठरावीक वेळाने भोंगा वाजत होता. माई केबिनमध्ये वही नीट लिहून काढत होत्या. फोरमन चहाचा मग घेऊन डेकवर आले. बघायला काही नव्हतं, पण त्यांना आता सकाळी तिथे उभं राहायची सवय लागली होती.

दोन घोट घेतले असतील. तिसरा घोट तोंडाशी नेताना ते थांबले.

अमोनिया.

बर्फाच्या कारखान्यात थंडावा आणणारा गॅस तो हाच. तो नळ्यांत असतो तोवर सगळ्यांचं पोट भरतो, नळीबाहेर आला की जीव घेतो. फोरमन तिशीत असताना एकदा झडप फुटली होती. त्यांनी ओला कपडा तोंडाला बांधून आत तीन खेपा केल्या होत्या आणि अकरा माणसं बाहेर काढली होती. त्यानंतर त्यांच्या नाकाला तो वास कुणाहीपेक्षा आधी येई. शेजारच्या घरी फरशी पुसायचं औषध बदललं तरी ते झोपेतून उठून बसत.

त्यांनी विचार केला नाही. खिशातला रुमाल काढला, जवळ दुसरं पाणी नव्हतं म्हणून चहात बुडवला, नाकातोंडाला बांधला आणि जिना चढून थेट कप्तानाच्या खोलीत शिरले.

"अमोनिया! गॅस फुटलाय कुठेतरी! माणसं वाऱ्याकडच्या बाजूला घ्या, आणि जनरेटरजवळ कुणाला जाऊ देऊ नका!"

कप्तान ठेंगणा, शांत माणूस होता. दाढीतून चहा ठिबकणाऱ्या माणसाकडे त्याने नीट पाहिलं. हसला मात्र नाही. त्याने फोन उचलला आणि इंजिनिअरला सगळं तपासून वर यायला सांगितलं. इंजिनिअर दहा मिनिटांत वर आला.

"काका, आपल्या जहाजावर अमोनिया नाहीच," तो म्हणाला. "आमच्या फ्रीजरमध्ये दुसरा गॅस असतो, त्याला वास नसतो. तरी मी सगळं बघून आलो. काही नाही."

"मग मला येतोय तो काय आहे?"

इंजिनिअर दारात गेला, छाती भरून हवा घेतली. "मला नाही येत."

फोरमननी रुमाल सोडला. कान गरम झाले. आता वय झालं, असं कुणी म्हणायच्या आत आपणच म्हणावं आणि खाली जावं, असं त्यांना वाटलं. ते म्हणालेही, "माफ करा. जुनी सवय."

शिट्टीबाई तिथेच कोपऱ्यात नकाशावर वाकून उभी होती. तिने मान वर केली.

"काका, थांबा. वास कुठल्या बाजूने येतोय?"

"उजवीकडून."

"नक्की?"

"वारा तिकडूनच आहे. डावीकडे तोंड केलं की जातो, उजवीकडे केलं की नाकात टोचतो."

तिने नकाशावर बोट ठेवलं. मग कप्तानाकडे पाहिलं. "उजवीकडे बेट आहे. तो कडा दोन किलोमीटरवर आहे."

"तर?" फोरमननी विचारलं.

"पक्ष्यांची विष्ठा, काका. हजारो पक्षी एका जागी बसले की अमोनियाचा वास सुटतो. पण तो कडा रिकामा आहे."

"जुना वास असेल," कप्तान म्हणाला.

"जुना नाही," फोरमन ठामपणे म्हणाले. आता ते आपल्या हद्दीत आले होते. "जुना असता तर कुबट आला असता, ओल्या गोणपाटासारखा. हा ताजा आहे. आजचा."

भोंगा वाजून गेला. कप्तानाने घड्याळ पाहिलं, बाहेरचं धुकं पाहिलं, आणि म्हणाला, "अकरापर्यंत थांबू. धुकं विरलं तर बोटी सोडू. नाही विरलं तर पुढे."

फोरमन खाली केबिनमध्ये आले. माईंनी मान वर करून पाहिलं. "शर्टावर काय सांडलंय?"

"चहा. तू बूट घाल."

"कशाला? बाहेर काही दिसत नाहीये."

"घाल म्हणतोय ना. आणि मला आत्ता काही विचारू नकोस, नक्की नाहीये."

माईंनी खरंच काही विचारलं नाही. हे त्यांच्या लग्नात फार थोड्या वेळा घडलं होतं.

पावणेअकराला धुकं पातळ झालं. आधी झेंडा दिसला, मग पाणी, मग पाण्यावर एक-दोन तरंगती पिसं. बोटी सुटल्या. पहिल्या बोटीत शिट्टीबाई, पुढे फोरमन, शेजारी माई. वास आता सगळ्यांनाच येऊ लागला होता. एकाने नाकाला हात लावला, तर बाकीच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो खाली घेतला. मग आवाज आला. सुरुवातीला दूरच्या बाजारासारखा, नंतर बाजार अंगावर येत असल्यासारखा.

आणि धुक्यातून कडा बाहेर आला.

तो काळा होता, सरळ उभा, आणि त्याच्या प्रत्येक फटीत, प्रत्येक कंगोऱ्यावर, पाय टेकण्याएवढी जागा असेल तिथे पांढरे पक्षी बसले होते. काही उडत होते, काही उतरत होते, उतरणाऱ्याला बसलेला जागा देत नव्हता आणि दोघं मिळून तिसऱ्यावर ओरडत होते. शिट्टीबाईने तोंडावर हात ठेवला. तिच्या गळ्यातली शिट्टी हलत होती.

"आले," ती म्हणाली. "आले परत."

बोटीवाल्याने ठरवलेल्या अंतरावर बोट थांबवली. अगदी खालच्या कंगोऱ्यावर एक पक्षी बसला होता, दुर्बिणीशिवाय दिसेल इतका जवळ. काळी चोच, काळा डोळा. तो जरा उठला, अंग झाडलं, आणि त्याच्या पोटाखालून राखाडी लोकरीच्या गुंड्यासारखं पिल्लू बाहेर डोकावलं.

दुर्बीण माईंच्या गळ्यात तशीच होती. मग त्या हळूच म्हणाल्या, "चित्रात हा एकटाच होता हो. मला वाटायचं, एकटाच राहत असेल. कसं करमत असेल, असं मनात यायचं." त्यांनी कडा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि हसू लागल्या. "इथे तर सोमवारची ओपीडी आहे!"

"रांग कुणीच लावत नाहीये," फोरमन म्हणाले.

"ती बघा ती, वरची. सगळ्यांच्या आधी आत शिरतेय. असल्या बायका मला चांगल्या ठाऊक आहेत."

शिट्टीबाईने डोळे पुसले आणि लगेच कामाला लागली. मोजणी हवी होती. केंद्राला आजच कळवायचं होतं. तिने कड्याचे भाग पाडले, भेगांच्या खुणा दाखवल्या आणि बोटीतल्या प्रत्येकाला एकेक पट्टा वाटून दिला. मधल्या मोठ्या पट्ट्यासाठी तिला दोघांची मोजणी हवी होती, म्हणजे ताळा पाहता येईल. तो तिने फोरमन आणि माईंना दिला.

दोघं मोजायला बसली. माई ओठ हलवत, फोरमन बोटांची पेरं दाबत. मधेच एका पक्ष्याने फोरमनच्या टोपीवर नेम साधला. ते हलले नाहीत, आकडा चुकला असता.

"चारशे बारा," माई म्हणाल्या.

"तीनशे शहाऐंशी."

"काहीतरीच. तुम्ही पाठमोरे धरले नाहीत."

"धरले. तू उडणारे धरलेस. उडणारे धरायचे नसतात, ती म्हणाली होती."

"मी एकही उडणारा धरला नाही. तुमच्या त्या कोपऱ्यात सावलीत किती आहेत बघा आधी."

फोरमननी दुर्बीण लावून कोपरा पाहिला. सावलीत खरंच पुष्कळ होते. "बरं, पण तूही त्या भेगेच्या पलीकडचे घेतलेस. तो आपला पट्टा नाही."

"घेतले असतील दहा-बारा. ते आपल्याच लोकांत बसलेत."

"आपले लोक!" फोरमन म्हणाले.

शिट्टीबाई हसून म्हणाली, "दोन्ही आकडे द्या, मी मधला लिहिते."

"मधला कसा लिहिशील?" दोघं एकदमच म्हणाली.

एव्हाना धुकं पूर्ण उठलं होतं आणि कड्याच्या माथ्यावर ऊन आलं होतं. बोटीवाल्याच्या हातातल्या वॉकीटॉकीवरून कप्तानाचा आवाज आला. टेबलं मांडून झाली होती, स्वयंपाकी विचारत होता की वाढायचं कधी. बोटीवाल्याने शिट्टीबाईकडे पाहिलं, शिट्टीबाईने माईंकडे.

"त्याला म्हणावं, दहा मिनिटं," माई म्हणाल्या. मग फोरमनकडे वळून त्यांनी त्यांच्या टोपीवरचा डाग हातमोज्याने पुसला, तो आणखी पसरला, आणि तो तसाच सोडून त्यांनी कड्याच्या वरच्या टोकाकडे बोट केलं. "हं, आता दोघं मिळून. वरून खाली. तुम्ही मोठ्याने म्हणा, मी लिहिते."

"एक," फोरमन म्हणाले.